सशाचं ऑपरेशन आणि ‘रात्रभर उपाशी ठेवा’ हा सल्ला

वाचकाचं पत्र: मार्चमध्ये लेकीच्या हट्टापायी दोन ससे आणले, लाडू आणि कापूस, दोन महिन्यांचे. दुकानदार म्हणाला, दोन्ही माद्या आहेत, एकाच वेतातल्या बहिणी. घटस्थापनेला सकाळी बघते तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात केसांच्या ढिगात पाच पिलं! लाडू नर आहे हे तेव्हा कळलं. आता पिलं २४ दिवसांची झालीत, घरभर उड्या मारतात. पण कापूस परत तोंडात गवत धरून फिरायला लागली आहे आणि लाडू जवळ आला की गुरगुरते. लाडू सोफ्यावर, लेकीच्या पायांवर लघवीची पिचकारी मारतो. जवळचे डॉक्टर कुत्री-मांजरं बघतात. ते म्हणाले, दोघांच्याही नसबंदीचं ऑपरेशन एकदम उरकून टाकू, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला कापायचं पाप नको, त्यापेक्षा रालामंडलच्या जंगलात सोडून या. काय करावं? – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

ताई, बाकीचं सावकाश वाचा. आधी उठून लाडूला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा. उद्या नाही, आत्ता.

कारण असं की मादी सशाला गाई-कुत्र्यांसारखा ठरावीक माज नसतो. नराशी संबंध आला की त्यानंतर साधारण दहा-बारा तासांत तिची बीजं सुटतात, आणि व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. घटस्थापनेला लाडू त्याच पिंजऱ्यात होता. सशाचे दिवस साधारण ३१ असतात. बोटांवर मोजा: पाडवा ते भाऊबीज या दोन दिवसांत दुसरं वेत येईल असं धरूनच चालायचं. त्या दिवशीही लाडू शेजारी असला तर मार्गशीर्ष लागता लागता तिसरं. एका अंगाने पाच पिलांना पाजायचं आणि दुसऱ्या अंगाने पुढची पोटात वाढवायची, यात मादी हाडांपर्यंत झिजते.

दोघांमध्ये एकच जाळी लावून भागत नाही, जाळीतूनही संबंध येऊ शकतो. दोन पिंजऱ्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा. एकमेकांना दिसले, वास आला तर चांगलंच, पुढे जोडी जमवताना त्याचा उपयोग होतो. कापूसची ही खोटी गर्भधारणाही असू शकते. तिच्यातही मादी गवत गोळा करते, छातीचे केस उपटते. पण ती सोळा-अठरा दिवसांत ओसरते, आणि इथे नर सोबत असताना २४ दिवस उलटले आहेत. तेव्हा खरीच गाभण समजा. डॉक्टर पोट चाचपून किंवा सोनोग्राफीने सांगू शकतील. तुम्ही स्वतः पोट दाबून बघू नका.

म्हणून ‘दोघांचं एकदम’ हे नको. कापूसचं आता मुळीच नाही. शेवटच्या आठवड्यात गर्भाशय मोठं झालेलं असतं, त्याच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि वर अंगावर दूध. लाडूचं मात्र दिवाळी झाली की लगेच करून घ्या.

दिवाळीचाही विचार आजच करा. फटाक्याच्या आवाजाने मादी दचकून पेटीत उडी मारते आणि पिलं पायाखाली येतात. कापूसचा पिंजरा आतल्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर न्या. हे व्यायच्या आधी करायचं, नंतर जागा हलवली तर ती बिथरते. तिला उभं राहून वळता येईल एवढी, एका बाजूने उघडी पुठ्ठ्याची पेटी आणि भरपूर कोरडं गवत द्या. पहिली पाच पिलं तोवर महिन्याची होतील, गवत चघळायला लागलेली असतील. त्यांना शेजारी वेगळं ठेवा, पण त्या आठवड्यात नवी भाजी, नवं खाणं काही सुरू करू नका. दूध तुटताना पिलांचं आतडं फार नाजूक असतं, जुलाब लागले तर एका दिवसात पिलू जातं. आणि कापूस नव्या पिलांपाशी बसत नाही म्हणून घाबरू नका. सशाची आई दिवसातून एकदा-दोनदा, तेही चार-पाच मिनिटंच पाजते. सकाळी पिलांची पोटं गोल, टम्म दिसली की दूध पोचलं.

आता उपाशी ठेवण्याबद्दल. तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ तीच आहे.

कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते बरोबरच आहे. भुलीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. ससा उलटी करूच शकत नाही. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की खाल्लेलं वर येत नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी उपास करवायचा, ती भीतीच इथे नाही. उलट सशाचं आतडं हे सतत फिरतं राहायला हवं असं जातं आहे. वरून तंतुमय गवत पडत राहिलं तरच ते पुढे सरकतं. आठ-दहा तास काही गेलं नाही की आतडं मंदावतं, आत वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. ऑपरेशन उत्तम होऊनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ससा जातो, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं. शिवाय दिवाळीनंतरच्या थंडीत दीड-दोन किलोचा उपाशी जीव भुलीखाली पटकन गारठतो आणि त्याची रक्तातली साखर उतरते.

तेव्हा रात्री नेहमीसारखं गवत, सकाळीही गवत, पाणी शेवटपर्यंत. भूल देण्याआधी तासभर खाणं काढायचं, तेही एवढ्याचसाठी की तोंडात घास राहू नये. नेताना पिंजऱ्यात गवत ठेवा, सोबत कोथिंबिरीची जुडी घ्या. शुद्धीवर आल्यावर नाकाशी कोथिंबीर धरली की बरेच ससे तिथेच पहिलं पान तोडतात, आणि ते पहिलं पान म्हणजे निम्मी काळजी मिटली.

डॉक्टरांना हे सांगायला संकोच वाटेल. पण सांगा, आणि ते काय म्हणतात ते ऐका. ‘हो, सशाला उपाशी ठेवत नाहीत, मी कुत्र्याच्या सवयीने बोललो,’ असं म्हणाले तर पुढे बोला. ‘आमच्याकडे सगळ्यांना हाच नियम’ असं उत्तर आलं तर कुत्र्यासाठी त्यांच्याकडेच जा, सशासाठी दुसरे शोधा. आणखी काय विचाराल? वर्षभरात किती सशांची ऑपरेशनं केली, त्यांत माद्या किती. भूल गॅसची, म्हणजे आयसोफ्लुरेनची, की फक्त सुईची. ऑक्सिजन चालू असतो का. अंगाखाली गरम पॅड असतो का. सुईच्या भुलीने ऑपरेशन होतच नाही असं नाही, पण मात्रा चुकली तर सुईतून गेलेलं औषध परत घेता येत नाही, गॅस मात्र तिथल्या तिथे कमी करता येतो. सशाला मात्रा देताना कुत्र्याचा अंदाज चालत नाही. उदाहरणार्थ, भुलीआधी देतात ते ॲट्रोपिन बऱ्याच सशांच्या रक्तात लगेच मोडून जातं, म्हणून जाणकार डॉक्टर ग्लायकोपायरोलेट वापरतात. टाके आतून, न दिसणारे घालणार का, हेही विचारा. बाहेरचा टाका ससा दातांनी सहज कापतो.

इंदुरात मनासारखे डॉक्टर मिळाले नाहीत तर महू दूर नाही. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आधी फोन करून, सशाचं ऑपरेशन कोण करतं आणि कोणत्या दिवशी, ते विचारून मगच निघा. लाडूला तसंच घेऊन जाऊन परत आणणं म्हणजे त्याला फुकटचा त्रास.

धोका किती, हे तुम्हाला स्पष्ट माहीत असलेलं बरं. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण सशांत १.३९ टक्के निघालं, निरोगी सशांपुरतं बघितलं तर ०.७३. कुत्र्यांत ते ०.१७ आणि मांजरांत ०.२४ होतं. म्हणजे सशाला धोका जास्त आहेच. पण त्याच पाहणीत सशांचे निम्म्याहून अधिक मृत्यू टेबलावर झाले नव्हते, ते ऑपरेशन झाल्यानंतरचे होते. ऊब, वेदनाशामक आणि पोटात जाणारं खाणं यांकडे लक्ष द्यायची वेळ तीच, आणि तिचा मोठा भाग तुमच्या घरी जातो.

लाडूचं ऑपरेशन तसं छोटं आहे. आपण नसबंदी म्हणतो, पण यात नस बांधून सोडत नाहीत, दोन्ही वृषणं काढून टाकतात. तसं केल्यानेच पिचकारी आणि अंगावर चढणं कमी होतं. एक गोष्ट डॉक्टरांशी नक्की बोला. सशाच्या जांघेतली वाट, जिच्यातून वृषण पोटातून खाली उतरतं, ती जन्मभर उघडी राहते. घाबरला की ससा वृषणं आत ओढून घेतो ते याच वाटेने. वृषण काढल्यावर ती वाट बंद केली नाही तर आतडं तिथून खाली उतरू शकतं. म्हणून एक तर भोवतालची पिशवी न उघडता तिच्यासकट बांधतात, नाही तर वाट टाका घालून बंद करतात. तुमचे डॉक्टर यातलं काय करतात, हे विचारल्यावर चटकन सांगता यायला हवं.

घरी आणल्यावर पहिली रात्र जागरणाची धरा. लाकडाचा भुसा काढून टाका, तो जखमेत जातो. जुनी सुती चादर अंथरा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला बाजूला सरकता येईल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज त्याच वेळी वजन करून ग्रॅममध्ये लिहून ठेवा. आणि लेंड्या मोजा. खरंच मोजा, आकारही बघा. नेहमीच्या हरभऱ्याएवढ्या गोल लेंड्या पडू लागल्या की आतडं चालतंय. बारीक, काळ्या, टोकदार पडल्या तर मंदावलंय. नर बहुधा त्याच संध्याकाळी खायला लागतो.

चार-पाच तासांत त्याने तोंड लावलं नाही तर भरवायला लागा. त्याच्या रोजच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा आणि गाळून घ्या, नाही तर सिरिंज तुंबते. सुई काढलेली सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूने घाला, एका वेळी जेमतेम १ मिली सोडा, त्याने चावून गिळलं की पुढचं. किलोमागे १० ते १५ मिली, दिवसातून चार-पाच वेळा. लाडू १.८ किलोचा असेल तर एका वेळी २० ते २५ मिली. त्याला उताणा धरून कधीच भरवू नका, लापशी फुप्फुसात जाते. बारा तास झाले, काही खाल्लं नाही, लेंडी नाही, पाठीचं कुबड काढून बसलाय, दात करकरा वाजवतोय, कान गार पडलेत: मग सकाळची वाट बघायची नाही. रात्री फोन कुणाला करायचा ते ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.

औषधांत दोन जागी चूक होते. पहिली वेदनाशामकाची. बहुधा मेलोक्सिकॅम देतात, आणि सशाला वजनाच्या मानाने ते कुत्र्यापेक्षा जास्त लागतं. कुत्र्याच्या हिशोबाने दिलं की ससा दुखणं सोसत गप्प बसतो आणि आपण म्हणतो, शांत आहे. मात्रा डॉक्टरांकडून सशाच्या वजनावर लिहून घ्या आणि निदान तीन दिवसांचं औषध घरी मागा. माणसांच्या गोळ्या नकोत. दुसरी चूक अँटिबायोटिकची. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात, आणि जुलाबाने ससा दगावतो. कुत्र्याला सर्रास देतात तेच अमॉक्सिसिलिनचं सिरप सशाच्या चिठ्ठीवर दिसलं तर तिथेच थांबून विचारा. एन्रोफ्लॉक्सासिन सशाला चालतं. जाता जाता हेही लिहून ठेवा: गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यावर टाकतात ते फिप्रोनिल सशावर कधीही टाकायचं नाही.

गळ्यात प्लास्टिकची कॉलर शक्यतो नको. ससा रोज आपल्या गुदद्वाराशी तोंड नेऊन मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या खातो. ती घाण नव्हे, त्याचं दुसरं जेवण आहे. कॉलरने ते बंद पडतं. वृषणाच्या पिशवीला दोन-तीन दिवस थोडी सूज राहते, ती उतरते. सूज वाढत गेली, लाल झाली, ओल आली तर दाखवा. दुपारी अजून माश्या असतात, पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. ओल्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात.

आणि ऑपरेशन झालं म्हणून लाडूला लगेच कापूसजवळ सोडू नका! आधी तयार झालेलं बीज नळ्यांमध्ये शिल्लक असतं, त्यावर चार ते सहा आठवडे पिलं होऊ शकतात. सहा धरा. पिचकारीही दुसऱ्या दिवशी थांबणार नाही, ती याच काळात हळूहळू कमी होत जाते.

कापूसचं संक्रांतीच्या आसपास करा. दुसऱ्या वेताची पिलं सहा आठवड्यांनी तोडली, दूध आटायला आणखी दोन आठवडे दिले की तेवढे दिवस होतातच. तोवर ती वर्षाची झालेली असेल आणि हवाही थंड असेल. मार्चनंतर नको. इंदूरच्या चाळिशीच्या उन्हात ससा एरवीच धापा टाकतो, त्यात भूल आणि गाडीतला प्रवास. तिचं ऑपरेशन पोट उघडून करायचं, त्यामुळे लाडूपेक्षा मोठं. सशाच्या मादीला गर्भाशयाची दोन वेगळी शिंगं आणि दोन वेगळी मुखं असतात. आजूबाजूला चरबी भरपूर, आणि वय वाढेल तशी ती वाढत जाते, मग रक्तवाहिन्या सापडवून बांधायला कठीण होतं. जाड मादीचं ऑपरेशन लांबतं ते यामुळे. तिच्यासाठी माद्यांचा हात बसलेले डॉक्टरच हवेत, वेदनाशामकही जास्त दिवस लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती आपण होऊन खायला लागली पाहिजे. घटस्थापनेच्या पिलांसाठी मात्र संक्रांतीपर्यंत थांबू नका, ती दहा आठवड्यांची व्हायच्या आत डॉक्टरांकडे न्या आणि नर कोण, मादी कोण ते बघून घ्या. हलकं दाबल्यावर नराचं गोल नळीसारखं दिसतं, मादीचं उभ्या चिरेसारखं. लहान पिलांत भले भले चुकतात, तुमच्या दुकानदाराचं झालं ते तेच. दहा-बारा आठवड्यांनंतर ते नर आई-बहिणींसोबत राहता कामा नयेत.

सासूबाईंना पापाची चिंता वाटते, ती जिवाच्या मायेपोटीच. बैल बडवताना त्यांनी कदाचित पाहिलं असेल, तेव्हा भूल नव्हती. इथे जनावर झोपलेलं असतं आणि उठल्यावर दुखू नये म्हणून औषध असतं, हे त्यांना सांगा. आणि न कापण्याचं काय होतं, तेही सांगा. ऑपरेशन न झालेल्या मादी सशांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. काही जातींत चार वर्षांवरच्या माद्यांत तो निम्म्याहून अधिक जणींना आढळला आहे. लघवीतून रक्त दिसेपर्यंत बाहेरून कळत नाही, आणि तोवर तो फुप्फुसांपर्यंत गेलेला असू शकतो. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. कापूस अजून वर्षाचीही नाही.

रालामंडलचं मात्र मनातून काढून टाका. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, त्यातून हा घोळ होतो. माळावरचा, मातकट रंगाचा आपला रानससा वेगळा प्राणी आहे. त्याची पिलं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात, उघड्या रानात गवताच्या आडोशाला राहतात. तुमच्या घरातला ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिलं उघडी, आंधळी जन्मतात, दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात. पांढरीशुभ्र कापूस रानात एक रात्रसुद्धा काढणार नाही, कुत्रं नाही तर कोल्हं. आणि पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा रीतीने सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. पिलांना घरं शोधा, पण देताना नर-मादी एका घरी देऊ नका, आणि घेणाऱ्याला रोजचं गवत आणि ऑपरेशन या दोन्ही गोष्टी आधीच सांगा.

कापूसची जखम भरली, म्हणजे निदान दोन आठवडे गेले, की दोघांना पुन्हा एकत्र आणायचं. तिच्या पिंजऱ्यात लाडूला सोडायचं नाही, ती आपली जागा म्हणून चावेल. दोघांनाही अनोळखी असलेली जागा घ्या, गॅलरी किंवा रिकामी मोरी, खाली पोतं अंथरा म्हणजे पाय घसरणार नाहीत. मध्ये गवताचा मोठा ढीग. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, तुम्ही तिथेच बसून, हाताशी जाड टॉवेल. थोडा पाठलाग, थोडं अंगावर चढणं चालतं. गोल गोल फिरत केस उपटायला लागले तर टॉवेल मध्ये टाकून वेगळं करा, हात घालू नका. रोज वेळ वाढवत न्या. एकमेकांचं कपाळ चाटायला लागले, अंगाला अंग लावून झोपले, आणि असं सलग तीन-चार दिवस झालं की पिंजरे एक करा. तोवर रात्री वेगळेच झोपू द्या.